समुद्र वाट देतो तेव्हा

सौराष्ट्राच्या पूर्व किनाऱ्यावर, भावनगरपासून सुमारे २५ किलोमीटरांवर कोळियाक नावाचे गाव आहे. भरतीच्या वेळी येणाऱ्या प्रवाशास येथे खंबायतच्या आखाताचे गढूळ पाणी आणि त्यातून वर डोकावणारा ध्वजस्तंभ, एवढेच दिसते. काही तासांनी पाहावे, तर पाणी दूर हटलेले असते आणि सुमारे एक किलोमीटर आत, एका चौथऱ्यावर पाच शिवलिंगे उघडी झालेली असतात. हे निष्कलंक महादेवाचे स्थान. भारतीय युद्धानंतर स्वजनहत्येचे पातक धुण्यासाठी पांडव काळी ध्वजा व काळी गाय घेऊन निघाले आणि ती दोन्ही येथे शुभ्र झाली, अशी कथा आहे.

मुंबईस उधाणाच्या दिवशी भरती आणि ओहोटी यांच्या पातळींत चार-पाच मीटरांचे अंतर पडते. भावनगरास ते दहा मीटरांच्या आसपास जाते. खंबायतचे आखात नरसाळ्यासारखे आहे. आत शिरणाऱ्या पाण्याला दोन्ही बाजूंनी किनारे आवळतात, तळही उथळ होत जातो. मग पाण्याने चढावे, याखेरीज त्यास गती उरत नाही. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथातही भडोचकडे जाणाऱ्या गलबतांना या भरतीचे किती भय होते, आणि त्यांना वाट दाखवण्यासाठी स्थानिक राजाचे कोळी कसे पुढे येत, याचे वर्णन आहे.

येथील मोठी जत्रा भादरवी अमासेला, म्हणजे महाराष्ट्रात पोळा असतो त्या अमावास्येला भरते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास सूर्य व चंद्र यांचे आकर्षण एकवटून उधाण येते. अष्टमीच्या सुमारास त्याचा जोर ओसरतो, त्यास आपले कोळी ‘भांग’ म्हणतात. उधाणाला समुद्र अधिक दूर हटतो, हे यात्रेकरूस सोयीचे खरे. परंतु जितका दूर गेला, तितक्याच जोराने तो परततो, हे विसरून चालत नाही.

यात एक साधे गणित आहे. ओहोटीपासून भरतीपर्यंत सुमारे सहा तास लागतात. परंतु पाणी सारख्या वेगाने चढत नाही. पहिल्या तासात एकूण चढावाचा बारावा हिस्सा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या व चौथ्यात प्रत्येकी तीन हिस्से, असा नाविकांचा ठोकताळा आहे. चढाव दहा मीटरांचा धरला, तर मधल्या दोन तासांत पाच मीटर पाणी चढते. पहिल्या तासाच्या संथपणाने निर्धास्त झालेला माणूस तिसऱ्या तासात पुरुषभर पाण्यात सापडतो. शिवाय पाणी नेहमी समोरूनच येते असे नाही. ते आधी खोलगट चरांत शिरते आणि परतीची वाट पाठीमागून तोडते. इंग्लंडमधील मोरकम उपसागरात ५ फेब्रुवारी २००४ च्या रात्री शिंपले वेचणारे किमान २१ मजूर चढत्या पाण्यात सापडून मरण पावले.

म्हणून काही पथ्ये पाळावीत. त्या दिवसाची ओहोटीची वेळ गावातच विचारावी. कोकणात तिथीची पाऊणपट करून भरतीचा तास काढतात, तो हिशेब येथे लागू पडत नाही; कारण आखातात भरती काही तास उशिरा पोहोचते. रोजची वेळ सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून कालची वेळ आज धरू नये. उतरत्या पाण्याच्या मागोमाग जावे आणि पाणी स्थिर होताच परत फिरावे. मुले व वृद्ध बरोबर असल्यास चिखलातून परतण्यास दुप्पट वेळ धरावा. पाय रुतल्यास धडपडू नये; मागे रेलून अंगाचा भार पसरावा आणि एकेक पाय हळूहळू सोडवावा. संकटात ११२ किंवा तटरक्षक दलाच्या १५५४ या क्रमांकावर कळवावे.

ओडिशातील चांदीपूरलाही समुद्र पाच किलोमीटरांपर्यंत मागे हटतो. तेथे चढाव कमी असला, तरी किनारा इतका सपाट आहे की थोडे पाणी चढताच फार मोठी भूमी बुडते. तेथेही हीच पथ्ये उपयोगी पडतील.

कोळियाकचे लोक दर्शन आटोपल्यावर चौथऱ्यावर रेंगाळत नाहीत. देवाला दिवसातून दोनदा समुद्र स्नान घालतो. त्या वेळी आपण काठावर असावे, एवढा विवेक त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपला आहे.