मथळ्यानंतरची नोंद

२०११-१२च्या हंगामात जालन्याच्या विजय झोलने कूचबिहार करंडकात आसामविरुद्ध नाबाद ४५१ धावा केल्या आणि एकोणीस वर्षांखालील मुलांच्या सामन्याची बातमी देशभर झाली. एरवी या स्पर्धेचा धावफलक पानाच्या कोपऱ्यात शोधावा लागतो. पुढे २०१२चा युवा विश्वचषक जिंकणाऱ्या संघात तो होता आणि २०१४च्या युवा विश्वचषकात भारताचा कर्णधारही झाला. भारताच्या वरिष्ठ संघाचे दार मात्र उघडले नाही. आज जालन्यात त्याचे नाव काढले, की आधी ४५१ आठवतात. मधली वर्षे क्वचितच कोणी सांगू शकतो. हे पूर्वीही घडले आहे. पुण्यात १९४८ साली काठेवाडविरुद्ध भाऊसाहेब निंबाळकर नाबाद ४४३वर असताना प्रतिस्पर्ध्यांनी सामना सोडून दिला. ब्रॅडमनचा ४५२ धावांचा विक्रम मोडण्याची गोष्ट त्यामुळे अपुरी राहिली, आणि ती आजही सांगितली जाते. एवढ्या धावा करूनही निंबाळकरांना एकही कसोटी मिळाली नाही, हे त्या गोष्टीत शेवटी येते, किंवा येतच नाही. खेळावर लिहिणाऱ्या आम्हा सगळ्यांचा दोष इथे दिसतो. प्रसिद्धीने खेळाडू बिघडतो, असे सर्रास म्हटले जाते. मला वाटते, नुकसान जास्त लिहिल्याने होत नाही. एकदाच लिहून पाठ फिरवल्याने होते.

प्रसिद्धीने खेळाचे भले होते, याबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. वि. वि. करमरकरांनी ‘महाराष्ट्र टाइम्स’मधून खेळाला हक्काचे पान दिले आणि त्यावर क्रिकेटच्या शेजारी कबड्डी, खो-खो, कुस्ती मानाने बसवली. २०१४ साली प्रो कबड्डी दूरचित्रवाणीवर आली. पहिल्या लिलावातली सर्वाधिक बोली राकेश कुमारसाठी १२ लाख ८० हजारांची होती. २०२३मध्ये पवन सेहरावतसाठी ती २ कोटी ६० लाखांवर गेली. मातीत गुडघे फोडून घेणाऱ्या मुलाला घरचे ‘याने पोट भरेल का?’ असे विचारत. त्या प्रश्नाला आता उत्तर आहे, आणि ते प्रक्षेपणाने दिले आहे. पण त्याच प्रसिद्धीची दुसरी बाजू महिला कबड्डीने पाहिली. २०१६मध्ये तीन संघांची स्पर्धा पडद्यावर आली, मुलींनी ती पाहिली, आणि दुसरा हंगाम आलाच नाही. दाखवून काढून घेतलेली आशा न दाखवलेल्या आशेपेक्षा जास्त लागते.

तुटक बातमी खेळाचा अर्थही बदलते. डिसेंबर २०१८मध्ये महाराष्ट्र केसरीचा आखाडा जालन्यात भरला आणि बाला रफिक शेखने आदल्या वर्षीच्या विजेत्या अभिजित कटकेला हरवून गदा उचलली. मैदानात बसलेल्या माणसाने पूर्ण कुस्ती पाहिली: पकड, दमछाक, मोडलेला डाव. जानेवारी २०२३मध्ये पुण्यात याच स्पर्धेत सिकंदर शेख आणि महेंद्र गायकवाड यांच्या लढतीतल्या चार गुणांवरून वाद पेटला, तेव्हा लाखो लोकांनी फक्त काही सेकंदांची चित्रफीत पाहिली आणि निकाल देऊन टाकला. प्रकरण पंचांना धमकी येण्यापर्यंत गेले. चित्रफीत खोटी नव्हती, पण तिच्यात कुस्तीचा नियम नव्हता. डावाला चार गुण केव्हा मिळतात, दोन केव्हा, हे त्या आठवड्यात किती ठिकाणी समजावून सांगितले गेले? पुन्हा पाहण्याची सोय न्यायाला मदत करते. समजावणाऱ्याशिवाय ती झुंडीला मदत करते.

सलग लिहिले तर काय होते, त्याचे उदाहरण जालन्याशेजारच्या बीड जिल्ह्यात आहे. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेने २०१८मध्ये ३००० मीटर स्टीपलचेसमधला गोपाळ सैनींचा १९८१चा राष्ट्रीय विक्रम ८ मिनिटे २९.८० सेकंदांची वेळ देऊन मोडला. त्यानंतर तो स्वतःचाच विक्रम मोडत राहिला आणि जुलै २०२४मध्ये ८ मिनिटे ९.९१ सेकंदांवर आला. पुढच्याच महिन्यात ऑलिंपिकच्या अंतिम शर्यतीत तो अकरावा आला. फक्त तो दिवस पाहणाऱ्याला ‘पदक हुकले’ एवढेच कळते. सहा वर्षांतले वीस सेकंद ज्याने वाचले आहेत, त्याला कळते की या शर्यतीची अंतिम फेरी गाठणारा तो पहिला भारतीय पुरुष आहे. निकाल तोच, वाचकाची समज वेगळी, आणि ती एका मथळ्याने घडत नाही.

यावर संपादकांचे उत्तर ठरलेले असते: वाचकाला तारे हवेत, तालुक्याचे निकाल कोण वाचतो? पण न दिलेल्या गोष्टीची आवड कशी मोजणार? करमरकरांनी पान दिले, मग वाचक आला; क्रम असाच होता. दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. दडपण झेलू न शकणारा मोठा खेळाडू होणारच नव्हता, प्रसिद्धी ही परीक्षाच आहे, असे म्हणतात. वरिष्ठ संघातल्या खेळाडूबाबत मी हे मान्य करतो. सतरा वर्षांच्या मुलाबाबत नाही. त्याला आपण ‘पुढचा सचिन’ म्हणतो तेव्हा परीक्षा त्याची होत नाही, आपल्या घाईची होते, आणि नापास तोच ठरतो.

म्हणून जालन्यासारख्या जिल्ह्यात मला सर्वांत मोलाची वाटते ती चार ओळींची बातमी: खो-खोत अंबडच्या शाळेने भोकरदनच्या शाळेला किती गुणांनी हरवले, कोणी किती वेळ पळती केली, पंच कोण होते. राज्यात शासकीय नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे आणि बनावट क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणेही उघड झाली आहेत. कोण खरोखर मैदानात उतरले होते, याला त्याच दिवशी छापलेल्या ओळीइतका सरळ साक्षीदार नाही. निवड समितीपर्यंत ओळख नसलेल्या मुलीसाठी ती ओळ हीच ओळख असते. ४५१ धावांची बातमी कोणीही लिहील. पुढच्या सामन्यात तोच मुलगा १२ धावांवर बाद झाला, हे तितक्याच शांतपणे लिहिता आले, आणि त्याच्या पुढच्या सामन्यालाही जाता आले, तर आमचे काम खेळाच्या कामी आले.