वजा 2,679

2023 च्या ऑक्टोबरमध्ये शेलूबाजारहून बाबांचा फोन आला. मी पुण्यात, ऑफिसच्या मीटिंगमध्ये. दोनदा कट केला, तिसऱ्यांदा उचलला.

"बाबू, तुह्या नावानं बँकेचा कागद आला. देणं हाय म्हणते."

कागद माझ्या जुन्या सॅलरी अकाउंटचा होता. आदल्या दिवाळीनंतर मी नोकरी बदलली. नव्या कंपनीने दुसऱ्या बँकेत खातं उघडून दिलं, पगार तिकडे यायला लागला. जुन्या खात्यात 212 रुपये राहिले आणि मी ते खातं विसरलो. सॅलरी अकाउंटला मिनिमम बॅलन्स लागत नाही, एवढंच डोक्यात होतं. पण काही महिने पगार आला नाही की ते साधं बचत खातं होतं, आणि मग लागतो. दर महिन्याला 350 रुपये दंड, वर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 413. सात महिन्यांचे 2,891. त्यात माझे 212 संपले आणि शिल्लक झाली वजा 2,679. बँकेचे मेल जुन्या ऑफिसच्या पत्त्यावर जात होते. तो पत्ता मी नोकरी सोडली त्याच दिवशी बंद झाला होता.

"भरून टाकतो बाबा, टेन्शन नका घेऊ," मी म्हणालो.

"तुले टाइम नसन तं मी भरून देतो. सोयाबीन इकलं हाय."

आता शेलूबाजारला समृद्धी महामार्गाचा इंटरचेंज आहे. पण मी शाळेत असताना, पीककर्ज थकलं होतं त्या वर्षी, बाबा बँकेसमोरून जायचं टाळायचे आणि मागच्या गल्लीनं बाजारात जायचे. आमच्या घरी 'देणं' हा शब्द अजूनही हळू आवाजात बोलतात. माझ्यासाठी तो एका वीकेंडचा खर्च होता. त्यांची मात्र झोप उडाली होती.

त्या रात्री पैसे भरायच्या आधी मी नियम शोधले. रिझर्व्ह बँकेचं 20 नोव्हेंबर 2014 चं परिपत्रक सापडलं. शिल्लक कमी पडली तर बँकेने आधी ग्राहकाला कळवायचं, भरपाईला किमान एक महिना द्यायचा, दंड कमी पडलेल्या रकमेच्या प्रमाणात घ्यायचा. आणि केवळ या दंडामुळे बचत खातं वजा होऊ द्यायचं नाही.

असे नियम कोडमध्ये उतरवणं हेच माझं रोजचं काम. शिल्लक कमी असेल तर दंड लाव, ही एक ओळ. खात्यात आहे त्याहून जास्त कापू नकोस, ही दुसरी. दुसरी ओळ कुणीतरी लिहिलीच नव्हती.

शाखेत गेलो. काउंटरवरच्या मॅडम म्हणाल्या, "सिस्टीमनं लावलंय सर. आधी वजा रक्कम भरा, मग खातं बंद होईल." मला राग आला, मग थोडी लाजही वाटली. 'सिस्टीमनं केलंय' हे उत्तर मीही कित्येकदा देऊन मोकळा झालोय.

परिपत्रकाची तारीख घालून लेखी तक्रार दिली. उत्तर आलं नाही. तीस दिवस मोजले आणि रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार केली. 2021 च्या एकात्मिक योजनेपासून हे एकाच पोर्टलवर होतं, फी लागत नाही. जानेवारीत मेसेज आला: शिल्लक शून्य. माझे 212 परत आले नाहीत. ते मी सोडून दिले. खातं विसरण्याची चूक माझीच होती. खातं बंद केलं आणि बाबांना फोन लावला.

"म्हंजे देणं नव्हतंच?"

"नव्हतंच."

ते जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मंग तवा आपल्या खात्यातून कापत होते, थे?"

मी म्हटलं, जुनं पासबुक काढून ठेवा, आलो की बघू. आईने ते ट्रंकेतून काढून ठेवलंय. परिपत्रकातला नियम 1 एप्रिल 2015 पासून लागू झाला. पासबुक त्याच्या आधीचं आहे. हे बाबांना सांगायचं अजून राहिलंय.