आजीची चुन्याची डबी

माझे घर इंदूरला. गेल्या दिवाळीच्या सुटीत घरी पोचलो, तेव्हा आईच्या थायरॉईडच्या शस्त्रक्रियेला दोनच दिवस झाले होते. सकाळी तिच्या ओठांभोवती मुंग्या आल्या आणि पाहता पाहता हातांची बोटे आखडून गेली. माझे तर हातपायच गळाले! डॉक्टरांनी शिरेतून हळूहळू कॅल्शियम दिले, तशी बोटे सुटली. ते म्हणाले, "थायरॉईडमागच्या पॅराथायरॉईड ग्रंथींना धक्का पोचला, की रक्तातले कॅल्शियम उतरते आणि नसा विनाकारण उत्तेजित होतात."

आजीने पानाच्या डब्यातली चुन्याची डबी पुढे केली. "म्हणजे हेच ना रे? एवढ्याशा चुन्यावाचून माणसाचे अडते?"

जीवशास्त्राचा विद्यार्थी असूनही मी निरुत्तर झालो. मग पुस्तके उघडली.

पेशी आपली शक्ती फॉस्फेटच्या संयुगांत बाळगते. कॅल्शियम फार झाले, की फॉस्फेटशी मिळून त्याचा साका बसतो. म्हणून आदिम पेशींनी ते बाहेर फेकणारे पंप उभारले असावेत, असे शास्त्रज्ञ मानतात. आजही आपल्या पेशीच्या आत बाहेरच्यापेक्षा सुमारे १०,००० पट कमी मुक्त कॅल्शियम असते. पण सामसूम घरात कडी वाजली तरी दचकायला होते ना? तसेच इथे. किंचित कॅल्शियम आत शिरले, की तीच बातमी! स्नायू आकसतो, एक नस दुसरीला निरोप देते. प्राण्यांचे एकपेशीय नातलग कोअ‍ॅनोफ्लॅजेलेट. त्यांच्याजवळही असे पंप आणि दरवाजे आहेत. नसा जन्मायच्या आधीच निरोप्या हजर होता!

मात्र हा निरोप चालायचा तर बाहेर कॅल्शियम हवेच. समुद्रातल्या जीवांना ते भोवतीच्या पाण्यातच मिळे. आमच्या शेजारच्या धार जिल्ह्यात, बागच्या चुनखडकात, कोट्यवधी वर्षांपूर्वी नर्मदेच्या खोऱ्यात शिरलेल्या समुद्राचे शिंपले आजही सापडतात. जमिनीवर आलेल्या प्राण्यांना तो समुद्र कुठला? रक्तातले कॅल्शियम राखायला त्यांच्याजवळ पॅराथायरॉईड आली. माशांच्या कल्ल्यांशी तिचे मूळ जोडणारे संशोधनही आहे.

हे सगळे मी आजीला सांगितले. तिने पानाला चुना लावता लावता ऐकून घेतले आणि म्हणाली, "समुद्राचे राहू दे. आईची गोळी दिलीस का?"

मी उठलो. तांदळाच्या दाण्यांएवढ्या चार ग्रंथींचे काम काही दिवस आम्हा घरच्यांनाच करायचे होते.