महालक्ष्म्यांच्या रात्री आलेलं पाणी

22 सप्टेंबर 2023, शुक्रवार. महालक्ष्म्यांच्या जेवणाचा दिवस. दरवर्षीप्रमाणे आम्ही पुलगावहून नागपूरला, डागा लेआउटमध्ये आत्याकडे गेलो होतो. पंगती उठता उठता रात्र झाली, म्हणून तिथंच मुक्काम केला. मध्यरात्रीनंतर विजा कडाडू लागल्या, पाऊस कोसळू लागला.

पहाटे वहिनीची हाक आली, "अवो दादा, उठा! मोरीतून पाणी येऊन राह्यलं!"

मोरीच्या जाळीतून काळं, घाण वासाचं पाणी उसळत होतं. जाळीवर वीट ठेवेपर्यंत दाराखालून धार आत घुसली. चहाला उकळी यायला लागतो तेवढ्या वेळात ते घोट्यावरून गुडघ्यापर्यंत चढलं. आतेभावानं मेन स्विच पाडला. अंधारात फ्रिज आडवा होऊन तरंगू लागला.

आत्याचे गुडघे गेलेले. तिला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून आम्ही दोघांनी जिन्यानं वर नेलं. वर पोचल्यावर ती एकच बोलली, "माया महालक्ष्म्या पाह्य रे बाबू." मी खाली उतरलो तेव्हा ज्येष्ठा-कनिष्ठेच्या पैठण्यांचे काठ पाण्यात होते. मुखवटे काढले, टॉवेलात गुंडाळले. कोठ्यांत भरलेला गहू भिजून गेला. शेजारी मांडलेली त्यांची लेकरं पाण्यावर फिरत होती; मोबाइलच्या उजेडात शोधून तीही उचलली. पाणी तोवर कमरेला लागलं होतं. महालक्ष्म्यांचं विसर्जन त्या वर्षी गच्चीवरच, अक्षता टाकून झालं.

उजाडल्यावर गच्चीवरून पाहिलं तर रस्ताच उरला नव्हता. कार एकमेकींवर चढलेल्या. चार तासांत 100 मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला होता, आणि 1870 मधला अंबाझरी तलाव ओसंडून त्याचं पाणी नाग नदीत आलं होतं. अंबाझरी लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी, शंकरनगर, पुढं सीताबर्डीचं मोरभवन बसस्थानक, सगळं पाण्याखाली. मूकबधिर विद्यालयातल्या मुलांना बचाव पथकांनी बाहेर काढलं. ज्यांना हाक ऐकू येत नाही त्या लेकरांची ती रात्र मनातून जात नाही. माणसंही दगावली. बाधित कुटुंबांना 10,000 रुपये जाहीर झाले. भिजलेल्या गाद्या, कपाटं आणि आत्याच्या लग्नातले फोटो दारापुढच्या ढिगात पडून होते.

आम्ही पुलगावची, वर्धा नदीकाठची माणसं. पूर काय असतो ते आम्हाला कोणी सांगायला नको. 30 जुलै 1991 ला याच नदीनं वर मोवाड गाव बुडवलं, दोनशेहून अधिक माणसं गेली. ते ऐकतच आमची पिढी मोठी झाली. म्हणून आता अप्पर वर्धा धरणाची दारं उघडणार म्हटलं की काठच्या गावांना निरोप येतो, गुरं सोडली जातात, म्हाताऱ्यांना आधी हलवलं जातं. पाणी यायचं ते येतंच, पण माणूस जागा असतो. नागपुरात तलाव घरापासून चालत जाण्याइतका जवळ, आणि आत्याच्या गल्लीत कोणाला एक हाक आली नाही. वहिनीची झोप सावध नसती तर? आत्या खालच्याच खोलीत होती.

पुढं रहिवासी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात गेले. अंबाझरीच्या सांडव्यापुढचं बांधकाम, नाग नदीच्या पात्रातली अतिक्रमणं, हे सारं तिथं निघालं. निघायलाच हवं होतं. पण भिंती आणि पूल बांधून होईपर्यंत पाऊस थांबत नसतो. तलावाखाली राहणाऱ्यांनी आधी दोन गोष्टी मागून घ्याव्यात: पावसाळ्यात रात्रभर तलावाची पातळी बघणारा माणूस, आणि गाढ झोपेतही ऐकू जाईल असा भोंगा. आणि तळमजल्यावर झोपणारं म्हातारं माणूस कोणाच्या घरी आहे, हे गल्लीतल्या प्रत्येकाला ठाऊक असू द्या.