उताराचं काय करायचं?

चढावर माणसं मागे टाकण्याचं सुख मी बरीच वर्षं उपभोगलं. साताऱ्यात पळणाऱ्याला ते जवळजवळ फुकटच मिळतं. समर्थ मंदिर मागे पडतं, बोगदा आला की यवतेश्वरचा घाट लागतो, आणि सपाटीवर माझ्या कितीतरी पुढे असणारे पुण्या-मुंबईचे रनर दुसऱ्या-तिसऱ्या वळणावर कमरेवर हात ठेवून चालायला लागतात. त्यांच्या शेजारून जाताना मी श्वास दाबून धरायचो. आपल्यालाही दम लागलाय हे त्यांना कळता कामा नये! कुणी ‘काका, भारी!’ म्हणालं की पुढचं अर्धं किलोमीटर त्या दोन शब्दांवर निघायचं. हे राज्य वळसा घेईपर्यंत. परतीच्या उतारावर तीच माणसं मला एकेक करून गाठायची, धाडधाड पुढे जायची, आणि बोगद्याशी येईतो सगळा हिशोब चुकता झालेला असायचा.

2012 पासून सप्टेंबरात इथे हिल हाफ मॅरेथॉन होते. 21 किलोमीटरची ही रेस चढाची म्हणून ओळखली जाते. घाट जितका चढायचा तितकाच उतरायचा असतो, पण रेस संपल्यावर चहाच्या टपरीवर कुणी उताराबद्दल बोलताना मी ऐकलं नाही. मीही बोलत नव्हतो. चढ हे आपलं कर्तृत्व आणि उतार म्हणजे नुसतं घरी येणं, अशी माझी सोयीची समजूत होती.

मग पन्नाशी ओलांडल्यावर उजव्या टाचेमागची शीर धरली. अकिलीस. सकाळी पलंगावरून उतरलं की पहिली दहा-बारा पावलं भिंतीला धरून. चिमटीत शीर धरून पाहिली तर टाचेच्या हाडापासून तीन-चार बोटं वर एक गाठीसारखा जाड भाग लागायचा आणि दाबला की डोळ्यांत पाणी. आमच्या ग्रुपवर या दुखण्यावर जितके सल्ले मिळतात तितके लग्न जमवायलाही मिळत नसतील. फिजिओने मात्र दोनच शब्द सांगितले, ‘चढ बंद.’ कारण उघड आहे. चढावर टाच खाली राहते, शीर आधीच ताणलेली असते आणि त्या ताणावरच चवड्याने शरीर वर रेटायचं असतं. ‘उतारावर अकिलीसला त्या मानाने सुट्टी असते,’ तो म्हणाला, ‘हळूहळू उतार पळायला हरकत नाही.’

म्हणजे जे येत होतं ते काढून घेतलं आणि जे कधीच आलं नाही ते हातात ठेवलं.

तेव्हापासून रविवारी पहाटे मी स्कूटरवर मागे बसून घाटाच्या वर जातो आणि तिथून पळत खाली येतो. वर जाताना हेल्मेटची काच खाली. ओळखीचे लोक घाम गाळत चढत असतात. त्यांनी मला वाहनात बसून चढताना पाहावं, हे मला अजूनही सोसत नाही.

उताराचा लबाडपणा असा की तो दम लागू देत नाही. छाती मोकळी, गप्पा मारता येतात, घड्याळावरचा पेस पाहून आपण दहा वर्षांनी तरुण झालोय असं वाटतं. सगळं बिल मांडीच्या नावावर फाटत असतं. पाऊल टेकतं, गुडघा वाकतो, आणि मांडीचा पुढचा स्नायू लांब होत असतानाच जोर लावून शरीर सावरतो. लांब होता होता जोर लावणं स्नायूला सगळ्यात महाग पडतं. त्याचे बारीक धागे उसवतात आणि तेही गुपचूप. रविवारी काही नाही, सोमवारी जरा जड, मंगळवारी ऑफिसच्या जिन्यावरून कठडा धरून आडवं उतरावं लागतं. यावर उतारा एकच, तोही उतारच: रेसच्या काही आठवडे आधी एकदा-दोनदा नीट उतार पळून घेतला तर तेच स्नायू पुढच्या वेळी बरेच कमी फाटतात. दक्षिण आफ्रिकेतल्या कॉम्रेड्स रेसला जाणाऱ्यांना हे पाठ असतं. तिथे दिशा आलटून पालटून बदलते. पीटरमारित्झबर्गकडून डर्बनला उतरायचं साल असलं की साधारण 90 किलोमीटरच्या त्या रेसमध्ये फील्ड्स हिलच्या उतारावर माणसं रडकुंडीला येतात.

पण हे झालं मांड्यांचं. माझी अडचण निराळी आहे. मी ब्रेक मारतो.

सुरुवात बरी होते. मग रस्ता डावीकडे वळून एकदम खाली जातो, समोर दरीपलीकडे सातारा शहर दिसतं, आणि माझ्या नकळत ढुंगण मागे जातं, छाती उभी होते, हात पंखांसारखे बाजूला उघडतात आणि टाच शरीराच्या वीतभर पुढे जाऊन आपटते. ठाप. प्रत्येक ठापेबरोबर कमावलेला वेग मीच खोडून काढतो आणि त्याचा हादरा गुडघ्याच्या वाटीला देतो. काय करायला हवं ते मला तोंडपाठ आहे, मी ते नवीन पोरांना शिकवतो: पावलं आखूड आणि भराभर, पाऊल कमरेखाली पडू दे, कमरेतून न वाकता घोट्यातून पुढे कल, नजर पायाशी नको, पंधरा-वीस फूट पुढे. सांगताना माझा आवाजही छान लागतो. वळण आलं की मात्र टाच पुढे जातेच.

आमच्याकडे एक मुलगी येते. पोलीस भरतीच्या 800 मीटरसाठी आली होती, ती लांब पळायची गोडी लागल्याने राहिली. गाव कास पठाराच्या पलीकडचं. तिला उतार कुणी शिकवलेला नाही. ती घाट उतरते तेव्हा पावलांचा आवाजच येत नाही, अंगावर कुठे ताण दिसत नाही, आणि बघता बघता ती दोन वळणं पुढे असते. एकदा माझ्या मागून येत म्हणाली, ‘काका, तुम्ही बसताय उतारावर. पडायचं की पुढं. पाय येतंय आपसूक.’

पडायचं की पुढं! तिथेच तर सगळं अडतं. मला पडण्याची भीती वाटते आणि तीही हाडं मोडण्याची नाही. विशीतला पोरगा घाटात घसरला तर पाय घसरला म्हणतात. मी घसरलो तर वय झालं म्हणतील. पावसाळ्यात रस्त्याच्या कडेला शेवाळ असतं, सप्टेंबरात फुलं पाहायला कासकडे निघालेल्या गाड्यांची रांग असते, म्हणजे समोरून वाहन आलं की त्याच शेवाळावर सरकायचं. घरात आधीच ‘आता पुरे’ची कुजबुज आहे. एक खरचटलेला गुडघा घेऊन गेलो की तिचा ठराव होईल. इतकं सगळं त्या टाचेत साठलेलं असतं.

गंमत म्हणजे अकिलीसचं औषधही उतरण्यातच निघालं. होकन अल्फ्रेडसन या स्वीडिश सर्जनची गोष्ट पळणाऱ्यांत प्रसिद्ध आहे. त्याचीच शीर दुखत होती, वरिष्ठ ऑपरेशन करायला तयार नव्हता, म्हणून ती तुटावी या इराद्याने त्याने तिच्यावर मुद्दाम भार टाकायला सुरुवात केली. ती तुटायची सोडून बरी झाली. 1998 मध्ये त्याने हौशी खेळाडूंवरचा आपला अभ्यास छापला. पायरीच्या कडेवर चवडे ठेवायचे, चांगल्या पायाने वर जायचं, भार दुखऱ्या पायावर घ्यायचा आणि टाच पायरीच्या खाली सावकाश सोडायची. गुडघा सरळ ठेवून 15 चे तीन फेरे, वाकवून 15 चे तीन, दिवसातून दोनदा, बारा आठवडे. रोजचे 180. (दुखणं थेट हाडाला चिकटून असेल तर टाच पायरीखाली सोडू नये, हे ग्रुपवर कुणी सांगत नाही.) मी जिन्यात उभा राहून हे करतो तेव्हा वरच्या मजल्यावरची लहान मुलं शेजारी ओळीने उभी राहून तेच करतात. त्यांना जमतं. मला तिसऱ्या फेऱ्यात टाच सावकाश सोडवत नाही, ती धपकन पडते. इथेही तेच, शेवटचा बोटभर उतार.

इतकं सोपं, फुकट आणि कंटाळवाणं औषध असताना लोक काय काय विकत घेतात! घाटाच्या वळणांवर कार्बन प्लेटचे, चार बोटं फोमचे बूट घालून येतात आणि घोटा मुरगळला की रस्त्याला नावं ठेवतात. रेसच्या सकाळी नाश्त्याबरोबर वेदनाशामक गोळी घेणारे तर मला कळतच नाहीत. शरीरातलं पाणी कमी होत असताना ती गोळी किडनीला काय करते, हे डॉक्टरला विचारायला हवं. कोचही आता फोनवरूनच मिळतो. तो आलेख पाहतो, पाऊल पाहत नाही. पूर्वी ग्राउंडवर कुणीतरी मास्तर कडेला उभा राहून नुसत्या आवाजावरून सांगायचा, ‘डावा पाय आपटतोयस.’

माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर 2016 ला रिओत स्टीपलचेसची फायनल पळाली, हीटमध्ये तिने 9:19.76 असा त्या वेळचा राष्ट्रीय विक्रम केला, याचा जिल्ह्याला अभिमान आहेच. त्या शर्यतीचे व्हिडिओ मी आता वेगळ्याच कारणासाठी बघतो. पाण्याच्या खड्ड्यावरच्या अडथळ्यावरून खाली येताना ती कशी टेकते? एक पाय पाण्यात, आणि तो पूर्ण टेकायच्या आत दुसरा बाहेर निघालेला. थांबवण्याचा कुठे मागमूस नाही. पुन्हा पुन्हा मागे नेऊन बघतो. बघून काही येत नाही हे माहीत असूनही.

यंदा रेसचा बिब घेतलाय. शीर सत्तर टक्के तरी बरी आहे, चढ चालत जाण्याच्या अटीवर फिजिओने परवानगी दिली आहे, उताराला ती मुलगी बरोबर राहणार आहे. दोन वळणं मी न बसता उतरू लागलोय, तिसऱ्याची खात्री नाही. चढ चालायचं मी मनापासून कबूल केलं आहे. फक्त घाटात फोटोग्राफर कोणकोणत्या वळणांवर उभे असतात, ते मला पक्कं ठाऊक आहे. तिथे पन्नास-पन्नास पावलं पळणार.