झिजलेला ठसा

मनुष्याच्या बोटांवरील रेषा तो जन्माला येण्यापूर्वीच उमटलेल्या असतात. इंग्रज अधिकारी विल्यम हर्शेल यांनी १८५८ साली बंगालमध्ये राज्यधर कोनाई या कंत्राटदाराच्या तळहाताचा ठसा करारावर घेतला. पुढे त्यांनी स्वतःचे ठसे पन्नासहून अधिक वर्षांच्या अंतराने ताडून पाहिले. रेषांची घडण तीच होती. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावी पहिला आधार क्रमांक दिला गेला, तेव्हाही बोटांचे ठसे, बुबुळे व चेहरा यांच्या नोंदीवरच भिस्त ठेवली गेली.

रेषांची घडण बदलत नाही हे खरे. परंतु ज्या त्वचेवर ती कोरलेली असते, ती त्वचा बदलते. वयाबरोबर तिचा ओलावा व ताण कमी होतो, बोटांवरील उंचवटे सपाट होत जातात आणि यंत्राच्या काचेवर अखंड रेषेऐवजी तुटक ठिपके पडतात.

टपाल खात्यात ३२ वर्षे पत्रांवर शिक्के मारलेल्या, सांगलीकडील एका आजोबांना हे वयाच्या ७८ व्या वर्षी कळले. नोव्हेंबरात हयातीचा दाखला देण्यासाठी ते गावातील सुविधा केंद्रात गेले. अंगठा लागेना. मग तर्जनी झाली, मधले बोट झाले. "आजोबा, ठसाच उमटत नाही हो," केंद्रातील तरुण म्हणाला. मागे रांग ताटकळत होती. आजोबा ओशाळून घरी परतले. निवृत्तिवेतन थांबेल या काळजीहूनही, आपण हयात आहोत हे आपल्याच हाताला सांगता येऊ नये, याचे शल्य त्यांना अधिक होते. त्या रात्री ते जेवले नाहीत.

वैद्यकीय शिक्षण घेणारी त्यांची नात सुट्टीवर आली होती. तिने आजोबांच्या हाताच्या पाठीवरील त्वचा हलकेच चिमटीत धरून सोडली. ती सावकाश खाली बसली. मग दंडाच्या आतील बाजूची त्वचा तशीच सोडली. ती त्या मानाने चटकन पूर्ववत झाली. "आजोबा, तुमचे वय एकच आहे, पण अंगावरच्या सगळ्या त्वचेचे वय काही सारखे नाही," ती म्हणाली.

जे तिने चिमटीने दाखविले, तेच प्रयोगशाळेत यंत्राने मोजतात. सुमारे दोन मिलिमीटरच्या छिद्रातून त्वचा क्षणभर वर ओढायची आणि ती किती उचलली जाते व सोडल्यावर कितपत परतते, हे नोंदवायचे. सुरकुत्यांची खोली मोजण्यासाठी त्वचेचा सिलिकॉनमध्ये साचा घेतात. अशा निरीक्षणांतून एक गोष्ट स्पष्ट झाली आहे : त्वचा केवळ वर्षे मोजत नाही, ऊन आणि श्रमही मोजते. अमेरिकेतील एका वैद्यकीय नियतकालिकात २०१२ साली ६९ वर्षांच्या एका मालमोटारचालकाचे छायाचित्र प्रसिद्ध झाले. २८ वर्षे खिडकीच्या काचेतून ऊन लागलेली त्याच्या चेहऱ्याची डावी बाजू उजवीपेक्षा कितीतरी अधिक जून दिसत होती.

दुसऱ्या दिवशी नातीने भ्रमणध्वनीवर आजोबांचा चेहरा टिपला आणि दाखला घरबसल्या झाला. चेहऱ्यावरून दाखला देण्याची ही सोय नोव्हेंबर २०२१ पासून उपलब्ध आहे. बुबुळांवरूनही ओळख पटविता येते. बँकेत समक्ष जाऊन सहीनेही दाखला देता येतो. कोरड्या बोटांना थोडा ओलावा देऊन ती स्वच्छ पुसली, तर कित्येकदा ठसाही उमटतो.

प्रत्येक घरात असे हात आहेत. कोणी जात्यावर दळले, कोणी राखेने भांडी घासली, कोणी आयुष्यभर वजने उचलली. यंत्राने ते हात ओळखले नाहीत, तर उणेपण यंत्राचे आहे, हे घरातील तरुणांनी वडीलधाऱ्यांना वेळीच सांगावे. आणि पुढच्या नोव्हेंबरात त्यांना रांगेत एकटे पाठवू नये.