पाठीमागची गोदामं

हिवाळ्यात शिवडीच्या जेट्टीवर गेलं की लांबलचक लेन्स लावलेले कॅमेरे रांगेने उभे दिसतात. सगळ्यांची तोंडं खाडीकडे, चिखलात चरणाऱ्या फ्लेमिंगोंकडे. पाखरं देखणी आहेतच. पण त्या रांगेच्या पाठीमागे दुरुस्तीला ओढून ठेवलेले बार्ज असतात, त्यांचा गंज खरवडणारी माणसं असतात, आणि थोडं आत गेलं की कॉटन ग्रीनची गोदामं. तिकडे फारसं कुणी वळत नाही. मी वळतो, त्याला कारण माझं गाव.

आमच्याकडे कनेरगाव नाक्याहून पैनगंगा ओलांडली की वाशीम जिल्हा लागतो. एकेकाळी नदीच्या अलीकडे निजामाचा मुलूख, पलीकडे वऱ्हाड. माती मात्र दोन्ही काठांना तीच काळी, आणि पीक कापसाचं. आता सोयाबीनने त्याची बरीच जागा घेतली. जिनिंगमध्ये सरकी निघायची, प्रेसमध्ये गाठी बांधल्या जायच्या, या भागाचा माल रेल्वेने मुंबईला जायचा. पुढे तो कुठे पडतो, कोण तो उचलतं, हे वेचणीला वाकलेल्या बाईने कधी पाहिलं नाही. 1920 च्या दशकात कुलाब्याचा कापूस बाजार शिवडीकडे हलला आणि ही गोदामं उभी राहिली. त्यांच्यासमोर कॅमेरा धरला की घरातून गेलेल्या माणसाचा उशिरा पत्ता लागावा, तसं होतं.

एका गोदामाच्या दाराशी उंबऱ्याची फरशी दोन पट्ट्यांत झिजलेली आहे. हातगाडीची चाकं जिथून जात, बरोबर तिथे. मी वाकून फक्त तेवढाच फोटो घेतला. इमारतीचा पूर्ण दर्शनी भाग घेऊन जे कळत नाही, ते त्या दोन खोलगट पट्ट्यांत कळतं.

याच किनाऱ्यावर, थोडं दक्षिणेला, 14 एप्रिल 1944 रोजी व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजाचा स्फोट झाला. पोटात दारूगोळा, आणि त्याच्याच सोबत कराचीत चढवलेल्या कापसाच्या गाठी. आग विझवायला गेलेले 66 जवान गेले. देशभर अग्निशमन सप्ताह दरवर्षी त्याच तारखेपासून पाळतात. कापसाच्या आगीचा धाक आमच्याकडच्या जिनिंगवाल्यांना सांगावा लागत नाही. गंजीत एक ठिणगी गेली की ती आतल्या आत धुमसत राहते, हे तिथलं पोरसोरही जाणतं.

रे रोड स्टेशनला उतरून दारूखान्याकडे गेलं की कामच वेगळं. भरतीच्या पाण्यावर जुनं जहाज किनाऱ्याला ओढून आणायचं आणि गॅस कटरने त्याचे पत्रे सोडवायचे. भंगार पुढे रोलिंग मिलकडे. इथे फोटो काढणं नाजूक. गंजाचे रंग फोटोत फार सुंदर येतात, आणि मला त्याचीच भीती वाटते. केशरी, तांबडा, शेवाळी हिरवा, सगळं चौकटीत बसतं आणि कटर धरणारा हात बाहेर राहतो. मग बघणारा ‘वा!’ म्हणतो आणि पुढे सरकतो. म्हणून मी आधी विचारतो, नाही म्हटलं तर कॅमेरा पिशवीत टाकतो. ‘घ्या’ म्हटलं, तर माणूस, हत्यार आणि पत्रा तिन्ही एकत्र घेतो. त्या फोटोत माणूस सरळ माझ्याकडे पाहत असला तर उत्तमच.

मुंबईचा पश्चिम किनारा सगळ्यांचा. संध्याकाळी तिथे भेळ खायला कुणीही जातं. पूर्वेचा समुद्र मात्र बंदराच्या भिंतींआड दडलेला. आयुष्य मुंबईत काढून लकडी बंदर किंवा कोळसा बंदर न पाहिलेली माणसं मला भेटतात. आता शिवडीतून अटल सेतू सुटतो, 13 जानेवारी 2024 पासून त्यावरून गाड्या धावतात, आणि बंदराच्या जमिनींच्या पुनर्विकासाचे आराखडे निघाले आहेत. किनारा लोकांसाठी मोकळा व्हावा, असं मलाही मनापासून वाटतं. पण फिरायला रस्ता करताना हमालांच्या खोल्या, बार्जचे गॅरेज, चहाची टपरी यांना ‘अडथळा’ या एका सदरात टाकू नये. प्रत्येक फोटोमागे मी बंदराचं नाव, तारीख आणि तिथे काय काम चालू होतं ते लिहितो. एक प्रत फोटोतल्या माणसाला नेऊन देतो. उद्या कुणी म्हणालं, इथे मोकळी जागाच होती, तर त्याच्यापुढे ठेवायला एवढं तरी हवं.